ईझी!अपॉइंटमेंट्स : दवाखान्याचं वेळापत्रक त्यात कसं बसतं आणि कुठे अडतं

आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांच्या पाटीवर वेळ दोन ओळींत लिहिलेली असते. सकाळी 10 ते 1, संध्याकाळी 5:30 ते 9. रविवार बंद. ऑनलाइन अपॉइंटमेंटची बरीच सॉफ्टवेअरं मात्र सकाळी 9 ते संध्याकाळी 6 असा सलग दिवस धरून चालतात. दुपारी साडेचार तास शटर खाली असतं, ते त्यांत सांगायचं कुठे, इथूनच गाडी अडते. म्हणून ईझी!अपॉइंटमेंट्स या ऑनलाइन अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरचं हे परीक्षण एकाच अंगाने केलं आहे: माणसांच्या वेळा, सुट्ट्या आणि अडचणी त्यात किती बिनचूक बसतात. नमुन्यादाखल दाताचा दवाखाना धरला आहे. दोन डॉक्टर, महिन्यातून दोनदा येणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या) मॅडम, रिसेप्शनवर एक ताई. पार्लर, फिजिओथेरपी किंवा सल्लागाराचं ऑफिस असेल तरी गणित हेच राहतं.

सॉफ्टवेअर मोफत आहे, जीपीएल परवान्याखाली खुलं आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो. मूळ विकासक अ‍ॅलेक्स त्सेलेगिडिस. पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस चालतो अशा साध्या शेअर्ड होस्टिंगवर (वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या सामाईक जागेवर) ते बसतं, त्यामुळे खर्च होस्टिंगचा आणि डोमेनचा. यातली मोठी सोय अशी की माणशी पैसे नाहीत. दरमहा माणशी शुल्क घेणाऱ्या सेवेत महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या डॉक्टरचेही पूर्ण महिन्याचे पैसे भरावे लागतात. इथे दहा जणांची नावं घातली तरी बिल तेच. इथलं सगळं वर्णन 1.5 आवृत्तीचं आहे.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं. फाइली चढवायच्या, रिकामा डेटाबेस करायचा, कॉन्फिग-सॅम्पल.पीएचपी या फाइलचं नाव बदलून कॉन्फिग.पीएचपी करायचं, त्यात वेबसाइटचा पत्ता आणि डेटाबेसची माहिती भरायची, स्टोरेज नावाच्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी द्यायची आणि ब्राउझरमध्ये पत्ता उघडायचा. वेबसाइट करून देणारा कोणीही हे करून देईल. खरी मेहनत त्यानंतर आहे, आणि ती होस्टिंगवाल्याच्या हातातली नाही. ती दवाखान्यात बसूनच करावी लागते.

आठवड्याचं वेळापत्रक

आधी दवाखान्याचं सर्वसाधारण वेळापत्रक भरा, मग डॉक्टरांची नावं घाला. हा क्रम उलटा झाला की काम दुप्पट होतं. सेटिंग्जमध्ये बिझनेस लॉजिकच्या पानावर वर्किंग प्लॅन, म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक, आहे. तिथे नमुन्याचं 9 ते 6 भरलेलं असतं. नवीन प्रोव्हायडर, म्हणजे इथे डॉक्टर, घातला की हेच वेळापत्रक त्याच्या नावावर उतरतं. ते आधी दुरुस्त नसेल तर प्रत्येक डॉक्टरच्या पानावर जाऊन सात-सात दिवस बदलत बसावं लागतं.

दुपारची बंद वेळ दाखवायला एका दिवसात दोन पाळ्या घालायची सोय नाही. दिवस सकाळी 10 ला सुरू, रात्री 9 ला संपतो असं भरायचं आणि दुपारी 1 ते 5:30 हा ब्रेक घालायचा. एका दिवशी हवे तेवढे ब्रेक चालतात. ही पद्धत आडवळणाची वाटते, पण काम चोख करते. एक तासाची ट्रीटमेंट असेल तर सकाळची शेवटची वेळ 12 ची दिसते, 12:30 ची दिसत नाही, कारण ती ब्रेकमध्ये घुसली असती. रात्रीही तसंच, शेवटची वेळ 8 ची.

याच ब्रेकचा आणखी एक उपयोग करून घ्यावा. दात ठणकतोय म्हणून कोणी न सांगता आला तर त्याला नाही म्हणता येत नाही. सकाळी 12:30 ते 1 आणि संध्याकाळी 7 ते 7:30 असे दोन ब्रेक त्यासाठी राखून ठेवा. बाहेरून बुकिंग करणाऱ्याला ती वेळ दिसणार नाही, रिसेप्शनवरच्या ताई मात्र आतल्या कॅलेंडरवर तिथे पेशंट घालू शकतात. आतून नोंद करताना वेळापत्रक आडवं येत नाही. याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा: आतून घालताना एकावर एक दोन पेशंटही पडू शकतात. फोनवर वेळ देणाऱ्याने आधी कॅलेंडरची ती पट्टी डोळ्यांनी पाहायची, आठवणीवर वेळ द्यायची नाही.

वर्किंग प्लॅनच्या पानावर हेच वेळापत्रक सगळ्या प्रोव्हायडरना लागू करण्याचं बटण आहे. ते पहिल्या दिवशी दाबायचं, नंतर नाही. सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या वेळा वेगवेगळ्या झालेल्या असतात. दवाखाना रात्री 9 ऐवजी 8:30 ला बंद करायचं ठरलं म्हणून कोणी ते बटण दाबलं, तर प्रत्येकाचं स्वतंत्र साप्ताहिक वेळापत्रक पुसून सर्वसाधारण वेळापत्रक सगळ्यांवर चढतं. परत फिरण्याचा मार्ग बॅकअप एवढाच. ही वेळापत्रकं डेटाबेसच्या ईए_युझर_सेटिंग्ज या टेबलात साठतात. वेळापत्रकात मोठा बदल करण्याआधी डेटाबेस हाताळायच्या साधनातून, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून पूर्ण डेटाबेस एक्स्पोर्ट करून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

एक आड एक शनिवार

वेळापत्रक आठवड्याचं आहे, महिन्याचं नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्ट मॅडमना त्यात थेट जागा नाही. दोन मार्ग उरतात. शनिवार चालू ठेवून नको असलेले शनिवार बंद करत जायचे, किंवा सातही दिवस बंद ठेवून हवे तेवढेच शनिवार वर्किंग प्लॅन एक्सेप्शनमध्ये, म्हणजे एखाद्या तारखेपुरत्या वेगळ्या वेळापत्रकात, उघडायचे. दुसराच मार्ग धरा. नोंद करायची राहून गेली तर पहिल्या मार्गात पेशंट वेळ घेऊन येतो आणि मॅडम नसतात. दुसऱ्या मार्गात वेळच दिसत नाही आणि पेशंट फोन करून विचारतो. चूक दोन्हीकडे तीच, पण एकीत पेशंटची चक्कर फुकट जाते.

उदाहरणार्थ 2026 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरसाठी 12 आणि 26 सप्टेंबर, 10 आणि 24 ऑक्टोबर, 14 आणि 28 नोव्हेंबर अशा सहा नोंदी होतात. वर्षाच्या 24. एकदा बसून तीन-तीन महिन्यांच्या घालाव्यात.

एक्सेप्शनमधली सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. एक्सेप्शन त्या दिवसाचं वेळापत्रक सुधारत नाही, ते पूर्ण बदलून टाकतं. ब्रेकसकट. समजा मुख्य डॉक्टरांना एका शनिवारी अर्धा तास लवकर यायचं आहे. रिसेप्शनवरून एक्सेप्शनची खिडकी उघडली जाते, तारीख निवडली जाते, सुरुवात सकाळी 9:30, शेवट रात्री 9:00 भरलं जातं आणि सेव्ह. त्याच खिडकीत खाली ब्रेकची रिकामी यादी असते, तिच्याकडे नजर जात नाही, कारण नेहमीचा दुपारचा ब्रेक तर आहेच असं मनात असतं. तो त्या तारखेपुरता उरलेला नसतो. शनिवारी दुपारी सव्वादोनची वेळ घेऊन आलेले आजोबा बंद शटरसमोर उभे राहतात, हातातल्या मोबाइलवर कन्फर्मेशनचा मेल दाखवत. सॉफ्टवेअरचा यात दोष एवढाच की जुने ब्रेक ते आपणहून पुढे आणत नाही. ते आणायला हवेत, निदान विचारायला तरी हवं. तोपर्यंत नियम एकच: एक्सेप्शन घातलं की त्याच खिडकीत ब्रेक पुन्हा भरायचा.

सुट्टी नेमकी कुठे टाकायची

माणूस उपलब्ध नाही हे सांगायच्या या सॉफ्टवेअरमध्ये चार जागा आहेत, आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. ब्रेक दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी येणाऱ्या गोष्टीसाठी. एक्सेप्शन एखाद्या तारखेला वेळच वेगळी असेल तेव्हा. अनअव्हेलेबिलिटी म्हणजे एका माणसाची अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतची गैरहजेरी, जी कॅलेंडरवरूनच टाकता येते. आणि ब्लॉक्ड पीरियड्स म्हणजे सगळ्यांनाच सुट्टी.

डॉक्टर दहा दिवस गावी जाणार असतील तर दहा एक्सेप्शन घालू नका. अनअव्हेलेबिलिटीत सुरुवातीची आणि शेवटची तारीख-वेळ दिली की एका नोंदीत काम होतं, आणि बेत रद्द झाला तर एकच नोंद काढावी लागते. अर्ध्या दिवसाची बाहेरची शस्त्रक्रिया, शाळेतली पालकसभा, दुपारचा सेमिनार, सगळं अनअव्हेलेबिलिटीत. ही नोंद डॉक्टर स्वतःच्या कॅलेंडरवर स्वतः टाकू शकतात, त्यासाठी अ‍ॅडमिनला शोधत बसावं लागत नाही.

ब्लॉक्ड पीरियड्स ही 1.5 मधली खरी कामाची भर. गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन, धुळवड, मतदानाचा दिवस अशा सुट्ट्या एकदा टाकल्या की सगळ्या डॉक्टरांच्या वेळा बंद होतात. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो ते मंगळवारही बंद ठेवतात. सुरुवात 14 तारखेला 00:00, शेवट 15 तारखेला 23:59, नाव गणपती. बस्स.

फक्त हे पक्कं ध्यानात ठेवा: यातली कुठलीही नोंद आधी घेतलेल्या अपॉइंटमेंट रद्द करत नाही. ती पुढची बुकिंग थांबवते एवढंच. सुट्टी टाकली की कॅलेंडरवर त्या तारखेला कोण कोण आहे ते पाहून प्रत्येकाला फोन करायचाच आहे. म्हणूनच किती दिवस पुढचं बुकिंग घ्यायचं ही मर्यादा विचार करून ठरवावी. ती दिवसांत भरता येते. सुट्ट्या आणि मॅडमचे शनिवार ज्या तारखेपर्यंत भरलेले आहेत, त्याच्या आत ही मर्यादा हवी. पुढच्या 60 दिवसांचं चित्र पक्कं असेल तर मर्यादा 45 ठेवा. 90 ठेवलीत तर शेवटचा महिना कोणी नीट पाहिलेला नसतो आणि लोक मात्र त्यात वेळा घेत असतात.

दुसरी मर्यादा ऐनवेळच्या बुकिंगची. ती मिनिटांत असते आणि मूळ आकडा 30 आहे. दाताच्या दवाखान्यासाठी 120 ठीक. याच आकड्याचा एक परिणाम पटकन लक्षात येत नाही: अपॉइंटमेंटला त्याहून कमी वेळ उरला की पेशंटला मेलमधल्या लिंकवरून ती बदलता येत नाही, कुलूप लागतं. 120 ठेवलं तर शेवटच्या दोन तासांत रद्द करायला फोनच करावा लागेल. तसं कन्फर्मेशनच्या मजकुरात लिहा, फोन नंबरसकट.

वेळा कशा कापल्या जातात

प्रत्येक सर्व्हिसला, म्हणजे ट्रीटमेंटच्या प्रकाराला, कालावधी असतो आणि वेळा दाखवण्याचा प्रकार असतो: फ्लेक्झिबल किंवा फिक्स्ड. आकड्यांत बघू. मुख्य डॉक्टरांची सकाळ 10 ते 1 पूर्ण मोकळी आहे, ट्रीटमेंट 45 मिनिटांची. फ्लेक्झिबलमध्ये दर पंधरा मिनिटांनी वेळ दिसते: 10:00, 10:15, 10:30 असं 12:15 पर्यंत, एकूण दहा पर्याय. फिक्स्डमध्ये 10:00, 10:45, 11:30, 12:15 हे चारच.

फ्लेक्झिबल पेशंटला आवडतं, दवाखान्याला महाग पडतं. पहिल्याच पेशंटने 10:30 घेतलं की आधीचा अर्धा तास 45 मिनिटांच्या कामाला निरुपयोगी. दुसऱ्याने 11:45 घेतलं की मधे अर्धा तास आणि शेवटी अर्धा तास. चार कामं बसणाऱ्या सकाळी दोनच झाली. तरीही ज्या डॉक्टरकडे 15 आणि 30 मिनिटांची तपासणीची कामं भरपूर आहेत, तिथे या फटी भरल्या जातात आणि फ्लेक्झिबल चालून जातं.

फिक्स्डबद्दल एक गैरसमज आहे. त्या वेळा घड्याळाला बांधलेल्या नसतात, मोकळा तुकडा जिथे सुरू होतो तिथून मोजल्या जातात. 10 ला अर्ध्या तासाची तपासणी लागली तर 45 मिनिटांच्या कामासाठी पुढच्या वेळा 10:30, 11:15, 12:00 अशा सरकतात आणि शेवटी 12:45 ते 1 हा पाव तास पडून राहतो. मोडतोड टाळायची तर सगळ्या सर्व्हिसचे कालावधी एकमेकांत बसणारे ठेवा: तपासणी 30, स्केलिंग 30, रूट कॅनलची एक बैठक 60. 20, 25, 40 असले आकडे कागदावर अचूक दिसतात, पण कॅलेंडरला भोकं पाडतात.

दोन पेशंटांच्या मधल्या सफाईसाठी वेगळा रकाना 1.5 मध्ये नाही. उपकरणं बदलायची, खुर्ची पुसायची, नोंद लिहायची, याची दहा-पंधरा मिनिटं कालावधीतच धरावी लागतात. रूट कॅनलचं प्रत्यक्ष काम 45 मिनिटांचं असेल तर सर्व्हिस 60 ची करा. मग पेशंटला मेलमध्ये तासाभराची वेळ दिसते. सर्व्हिसच्या वर्णनात "प्रत्यक्ष उपचार साधारण 45 मिनिटे" एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो. पैसे देऊन मिळणाऱ्या स्पर्धकांमध्ये, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्ट बुकिंग्जमध्ये, अपॉइंटमेंटच्या आधी आणि नंतर अशी मोकळी वेळ वेगळी ठेवता येते. दवाखाना आधीच मायक्रोसॉफ्ट 365 चे पैसे भरत असेल तर ते पाहून मगच ठरवावं.

कोणीही डॉक्टर चालतील, असा पर्याय सेटिंग्जमधून दाखवता येतो. तो निवडल्यावर सॉफ्टवेअर त्या दिवशी ज्याच्याकडे सर्वांत जास्त वेळा मोकळ्या असतील त्याच्याकडे पेशंट पाठवतं. पार्लरमध्ये हे न्याय्य वाटेल. दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्या ज्युनिअर डॉक्टरांचं कॅलेंडर सर्वांत रिकामं असल्यामुळे बहुतेक अनोळखी पेशंट त्यांच्याकडेच जातात. तसं हवं असेल तर जरूर ठेवा, नको असेल तर बंद करा. पण माहीत नसताना चालू ठेवू नका.

खुर्ची त्याला दिसत नाही

या सॉफ्टवेअरचं सर्वांत मोठं उणेपण हे. त्याला माणसाची वेळ कळते, जागेची कळत नाही. डेंटल चेअर, एक्स-रेची खोली, फिजिओथेरपीचं मशीन, पार्लरमधलं फेशियलचं बेड, यांतलं काही एका वेळी एकालाच मिळतं हे सांगायची सोय नाही. दोन डॉक्टर आणि एकच खुर्ची असेल तर दोघांनाही संध्याकाळी 6 चा पेशंट मिळेल आणि सॉफ्टवेअरच्या लेखी सगळं बरोबर असेल. सर्व्हिसमध्ये एका वेळी किती जण हा आकडा असतो, पण तो योगवर्गासारख्या एकत्र कामासाठी आहे. दवाखान्यात तो 1 च ठेवायचा.

यावर दोन तोडगे आहेत, दोन्ही थोडे तडजोडीचे. पहिला म्हणजे दोघांच्या वेळा एकमेकांवर येऊच द्यायच्या नाहीत. एकाचं वेळापत्रक सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळ, दुसऱ्याचं मंगळवार-गुरुवार-शनिवार. किंवा एकाची संध्याकाळ 5:30 ते 7:15, दुसऱ्याची 7:15 ते 9. दुसरा तोडगा म्हणजे प्रोव्हायडर म्हणून डॉक्टरच्या नावाऐवजी खुर्चीच घालायची. बुकिंग खुर्चीवर होतं, कोण पाहणार ते रिसेप्शनवर ठरतं. पण मग डॉक्टरला स्वतःचं कॅलेंडर उरत नाही आणि पेशंटला डॉक्टर निवडता येत नाही. दाताच्या कामात पेशंट डॉक्टरला धरून असतो, म्हणून पहिलाच बरा. तीन खुर्च्या आणि पाच डॉक्टर असतील तर मात्र कुठलाच पुरत नाही. अशा दवाखान्याने हे सॉफ्टवेअर घेऊ नये, खोल्या आणि उपकरणं मोजणारं दुसरं पाहावं.

कोणाला काय दिसतं हा भाग साधा आहे. अ‍ॅडमिनला सगळं, प्रोव्हायडरला स्वतःचं, सेक्रेटरीला, म्हणजे रिसेप्शनवरच्या ताईंना, त्यांच्या नावावर टिक केलेल्या प्रोव्हायडरांचं. नवीन डॉक्टर घातले की दोन टिका हमखास राहतात. त्यांच्या पानावर सर्व्हिस टिक केली नाही तर बुकिंगच्या पानावर त्यांचं नावच येत नाही. आणि रिसेप्शनवरच्या ताईंच्या पानावर त्यांना टिक केलं नाही तर ताईंना त्यांचं कॅलेंडर दिसत नाही. डॉक्टर दिसत नाहीत अशी तक्रार आली की आधी या दोन जागा बघा.

घड्याळाचा घोळ

प्रत्येक प्रोव्हायडरच्या पानावर टाइमझोन असतो. तो एशिया/कोलकाता हवा. चुकून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिला तर सकाळी 10 ते 1 ही वेळ पेशंटला दुपारी 3:30 ते 6:30 अशी दिसते. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरं काही शोधू नका, हेच कारण.

पेशंटच्या बाजूलाही टाइमझोन असतो आणि तो त्याच्या ब्राउझरवरून आपोआप निवडला जातो. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे, कारण आई-वडिलांची वेळ घेणारी मुलं बऱ्याचदा परदेशात असतात. न्यू जर्सीतल्या मुलीने नाशिकच्या वडिलांसाठी संध्याकाळी 6 ची वेळ घेतली तर तिला ती हिवाळ्यात सकाळी 7:30 आणि उन्हाळ्यात 8:30 अशी दिसते, आणि कन्फर्मेशनही त्याच घड्याळाने जातं. तिने तो मेल तसाच वडिलांना पाठवला की वडील सकाळी साडेसातला दाराशी. तारीख-वेळ निवडण्याच्या पानावर टाइमझोन बदलता येतो, पण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक सर्व्हिसच्या वर्णनात पहिलीच ओळ घाला: परदेशातून बुकिंग करत असाल तर टाइमझोन कोलकाता निवडा.

गुगल कॅलेंडरशी जोडणी प्रत्येक डॉक्टरची वेगळी होते आणि दोन्ही दिशांनी चालते. दवाखान्यात घेतलेली वेळ गुगलवर लगेच जाते. गुगलवर टाकलेलं खासगी काम मात्र पुढचं सिंक (दोन कॅलेंडरांची जुळवाजुळव) होईपर्यंत दवाखान्याला कळत नाही. होस्टिंगवर क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावून सिंकची आज्ञा दर पंधरा मिनिटांनी चालवली तरी तेवढी फट राहते, आणि क्रॉन लावलाच नसेल तर कोणी बटण दाबेपर्यंत. शिवाय सिंक ठरावीक दिवसांपुरतंच असतं, मूळ आकडे मागचे 30 आणि पुढचे 90 दिवस. रजेसाठी गुगलवर विसंबू नये. रजा ईझी!अपॉइंटमेंट्सच्या कॅलेंडरवरच टाकावी, गुगल फक्त दिवसभराचं काम फोनवर पाहायला ठेवावं.

कन्फर्मेशनचे मेल होस्टिंगच्या मूळ मेल सुविधेवरून गेले तर बरेच स्पॅममध्ये पडतात. कॉन्फिग फोल्डरमधल्या ईमेल.पीएचपीमध्ये एसएमटीपीची, म्हणजे मेल पाठवणाऱ्या खात्याची, माहिती भरून घ्या, जीमेल असेल तर अ‍ॅप पासवर्ड लागतो. एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप यात अंगभूत नाही. वेबहुक आणि एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडण्याच्या सोयी, आहेत, त्यांवरून जोडता येतं, पण त्याला प्रोग्रामर लागतो. मेल न पाहणारे पेशंट जास्त असतील तर आदल्या संध्याकाळी ताईंनी कॅलेंडर उघडून फोन करणं हाच सध्या भरवशाचा मार्ग.

हे सगळं भरून झाल्यावर लोकांना लिंक देण्याआधी एक तास काढा. मोबाइलवर खासगी विंडो उघडा, म्हणजे लॉगिन नसलेल्या पेशंटला दिसतं तेच दिसेल. मग या तारखा एकेक करून पाहा: एक साधा मंगळवार, एक रविवार, मॅडमचा शनिवार, मॅडम नसलेला शनिवार, एक्सेप्शन घातलेला दिवस आणि पुढचा सण. प्रत्येक तारखेला प्रत्येक डॉक्टर आणि सर्वांत लांब ट्रीटमेंट निवडून पहिली वेळ, दुपारी 1 च्या आधीची शेवटची वेळ, 5:30 नंतरची पहिली वेळ आणि रात्रीची शेवटची वेळ कागदावर लिहा. कागद दवाखान्याच्या पाटीशेजारी धरा. एखादा आकडा जुळला नाही तर आधी त्या तारखेचं एक्सेप्शन उघडून त्यातले ब्रेक बघा, मग टाइमझोन, मग त्या डॉक्टरचा वर्किंग प्लॅन. दर तीन महिन्यांनी नवे शनिवार भरले की हाच कागद पुन्हा काढा.